माझ्याशिवाय माझा शो

३ नोव्हेंबर, सोमवार
स्वरयंत्रावर गाठ आहे! काढून तपासायला पाठवणार. मग दोन आठवडे एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंही नाही. आवाज पहिल्यासारखा होईल ना, विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, बघू. रेडिओवर बोलून पोट भरणाऱ्या बाईला ‘बघू’ काय म्हणता? आईला चेंबूरला फोन करून ऑपरेशनचं सांगितलं. तपासणीचं नाही सांगितलं. तिच्या मालवणीत मी अजून ‘चेडू’, म्हणजे पोरगीच.

५ नोव्हेंबर
अंधेरीच्या स्टुडिओत पद्मजाताई भेटायला आल्या. मला हे काम त्यांनीच शिकवलं. तेव्हा सीडी आम्ही स्वतः निवडायचो. फोनवर कुणी रडलं तर पुढचं गाणंच बदलायचो. गाण्याच्या सुरुवातीच्या संगीतावर बोलायचं आणि गायकाने तोंड उघडायच्या आत गप्प व्हायचं. एकदा मी गायकाच्या पहिल्याच शब्दावर बोलले, तर ताईंनी दिवसभर अबोला धरला होता. आता गाणी कॉम्प्युटर लावतो. मी सगळी बडबड एका दमात रेकॉर्ड करून घरी येते. तरी बडबड माझीच असते.

६ नोव्हेंबर
सुयोगने बोलावलं — आमचा बॉस, माझ्यापेक्षा लहान. कॉम्प्युटरला माझा आवाज शिकवायचाय म्हणे, त्यासाठी पानंच्या पानं वाचायची. “फक्त जाहिरातींसाठी गं. शो तुझाच आहे ना, यार.” नाही म्हटलं असतं तर शो नव्या निवेदिकेला, रुचिकाला गेला असता, दुसरं काय. वाचलं. रागाने, हसून, लाडात — सांगेल तसं. घाबरटच मी!

९ नोव्हेंबर, रविवार
उद्या ऑपरेशन. दुपारभर घरात मोठमोठ्याने बोलत फिरले. फ्रीजशी, कुंड्यांशी. हे शेवटचं असेल तर? फार भीती वाटतेय.

११ नोव्हेंबर
घसा जळतोय. पाणीसुद्धा लिहून मागते.

१३ नोव्हेंबर
रुचिका माझा शो कसा करते बघू म्हणून सकाळी रेडिओ लावला. मीच बोलत होते! घाटकोपरवाल्यांना उठवत होते, मुलुंडवाल्यांना चिडवत होते. गायकाच्या अगदी आधी थांबले. मला इतकं नेमकं कधी जमलं नाही. सुयोगला मेसेज केला, हे काय? उत्तर आलं — “कुणाला कळलंसुद्धा नाही! तू निवांत बरी हो.”
मी बरी झाले नाही तरी त्याचं काही अडणार नाही.

१७ नोव्हेंबर
रिपोर्ट आला. कॅन्सर नाही! खूप रडले, तेही आवाज न करता. पण गाठ खोल होती. आवाज किती परत येईल, डॉक्टर आजही सांगत नाहीत.

१८ नोव्हेंबर
आईचा फोन. काही झालं की काय, म्हणून उचलला. “आज तुका रेडिओर आयकलंय गो. आवाज बरो झालो मां?” मला बोलायला अजून बंदी. “सगळ्या मुंबयशी बोलतंस, माझ्याशी बोलूक काय झाला?”
राहवलं नाही. ‘आई’ म्हटलं. घोगरं, फाटकं काहीतरी बाहेर आलं.
“तू कोण गो?” आई म्हणाली. “माझ्या चेडवाकडे फोन दी.”