तुमचा पासवर्ड मी बदलला, ताई

प्रिय ताई,

अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, चष्मा सापडला नाही तरी वाचता यावं म्हणून. रक्तपेढीत सगळं ठीक आहे. तुमच्या खुर्चीवर आता मी बसते, म्हणजे बसावं लागतं. माझ्या खुर्चीचं एक चाक निघालंय आणि दुरुस्तीचा अर्ज दोन महिने कुठेतरी झोपा काढतोय. काम तेच. फक्त हल्ली घरी गेल्यावर कुणाशी बोलायचं त्राण उरत नाही.

बावीस वर्षांपूर्वी तुमच्या हाताखाली आले, तेव्हा डेटाबेस हा शब्द ऐकूनच मला घाम फुटायचा. रक्ताची प्रत्येक पिशवी, तिचा गट, देणारा, घेणारा, ही सगळी नोंद तुम्ही एकटीने उभी केलेली. मी शेवटचा अर्धविराम न देताच एंटर दाबायचे आणि कमांड तशीच लोंबकळत राहायची. ‘घाईबाई, वाक्य पुरं कर आधी,’ तुम्ही म्हणायचात. ते नाव चिकटलं ते चिकटलंच, आमच्या घरीसुद्धा.

तुम्ही निवृत्त झालात तेव्हा मोठे डॉक्टर म्हणाले, बाईंचं खातं चालू ठेवा, कधी अडलं तर घरून बघतील. दोनदा खरंच अडलं आणि तुम्ही पाच मिनिटांत सोडवलंत. मग तुम्ही रोजच यायला लागलात. सकाळी दहाला, कोण कोण जोडलंय त्या यादीत तुमचं नाव दिसायचं. काही करत नव्हतात, नुसत्या नोंदी वाचत बसायचात. नियमात बसत नव्हतं, पण मी डोळेझाक केली. खरं सांगू? मला सोबत वाटायची.

मग त्या मंगळवारी दुपारी खालून टेक्निशियनचा फोन आला. ‘अहो, पडद्यावर सगळ्याच पिशव्या ओ पॉझिटिव्ह दिसताहेत, काय चाललंय?’ मी आलेल्या कमांड उघडून पाहिल्या. एका पिशवीचा गट दुरुस्त करायची कमांड आली होती, पण कुठल्या पिशवीचा, ते सांगणारा भागच तिच्यात नव्हता. साडेचारशे पिशव्यांचे गट एका फटक्यात बदलले. कमांड तुमच्या नावाने आली होती, ताई. त्याच वेळी वर ऑपरेशनच्या टेबलावर एक अडलेली बाळंतीण होती, बी निगेटिव्ह. टेक्निशियनने पडद्यावर भरवसा न ठेवता पिशवीवरची चिठ्ठी वाचली, रक्त जुळवून पाहिलं, म्हणून निभावलं. मी सकाळच्या बॅकअपवरून सगळं जागेवर आणलं. तुम्हाला फोन केला, तर तुम्ही म्हणालात, ‘मी? मी तर आज कॉम्प्युटर लावलाच नाही गं.’ आणि माझ्यासमोर यादीत तुमचं नाव होतं.

मोठे डॉक्टर एवढंच म्हणाले, ‘बाईंचं येणं बंद करा, आत्ताच्या आत्ता. आणि तुम्हीच करा.’

पासवर्ड बदलायची कमांड तुम्हीच शिकवलेली: ऑल्टर यूजर, पुढे तुमचं नाव, आयडेंटिफाइड बाय, अवतरणचिन्हांत नवा पासवर्ड, अर्धविराम. या खेपेस अर्धविराम विसरले नाही. पासवर्ड म्हणून हाताला येतील ती अक्षरं आणि आकडे बडवले आणि कुठेही लिहून ठेवले नाहीत. तुम्ही मागितलात तर देऊन टाकीन, ही भीती होती. उत्तर आलं, क्वेरी ओके, झीरो रोज अफेक्टेड. एकाही ओळीवर परिणाम नाही. त्या शून्याकडे मी बघतच राहिले. पासवर्ड बदलला तरी आधी जोडलेला माणूस आपोआप बाहेर पडत नाही, त्याला वेगळं तोडावं लागतं. एक शब्द आणि त्याच्या जोडणीचा आकडा. तो शब्द ‘किल’ आहे, हे तुम्हाला सांगायला नको. तेही मीच टाइप केलं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजून दहा मिनिटांनी तुमचा फोन. ‘अगं, पासवर्ड घेत नाहीये. बघ जरा.’ मी सर्व्हर बंद आहे म्हणून थाप मारली. तिसऱ्या दिवशी धीर करून खरं सांगितलं. तुम्ही तडकलात. ‘मी उभं केलेलं आहे ते! मलाच बाहेर काढतेस?’ मग हळूच म्हणालात, ‘त्या बाईला काही झालं नाही ना? मग बरोबर केलंस. मीही हेच केलं असतं.’ फोन ठेवून मी रडले, पण सुटल्यासारखं वाटलं.

चौथ्या दिवशी दहा वाजून दहा मिनिटांनी तुमचा फोन आला. ‘अगं, पासवर्ड घेत नाहीये.’

आज एकोणिसावा दिवस. दर वेळी तुम्ही पहिल्यांदाच ऐकता, तशाच रागावता, तशीच त्या बाईची चौकशी करता आणि तशीच मला माफी देता. मला आता रोज नव्याने सांगवत नाही, ताई. काल पुन्हा सर्व्हरवर ढकललं आणि दिवसभर स्वतःचीच लाज वाटत राहिली. म्हणून तुमच्या सूनबाईंशी बोलले. त्या हे पत्र तुमच्या कॉम्प्युटरशेजारी ठेवणार आहेत. पासवर्ड चुकतोय असं दिसलं की हे वाचा, पहिल्यापासून. कदाचित कालही वाचलं असेल. टाइप करण्यात तुमची चूक होत नाहीये. पासवर्ड मी बदललाय, आणि ते बरोबर केलं असं तुम्ही स्वतः म्हणाला आहात, आजचं धरून सोळा वेळा. त्या बाईला काही झालं नाही, ताई. मुलगी झाली तिला. दोघी सुखरूप घरी गेल्या.

तुमचीच,
घाईबाई