सहावं नाव

हा-सेखोने, ता. ९ जून २०१४

ती. अक्कास,

शि. सा. न. वि. वि. गुडघा वाकत नाही, तेव्हा नमस्कार उभ्यानेच घालतोय. साष्टांग समजून घ्यावा.

घोड्याने मला नदीत टाकलं. त्याची चूक नाही, मी त्याला गाणं म्हणून दाखवत होतो. आता दोन महिने खोगिराला शिवायचं नाही. पण खरी पंचाईत वेगळीच आहे. माझ्या एचआयव्हीच्या गोळ्या बाराच दिवसांच्या उरल्यात. गावाला पत्ता लागू नये म्हणून सात वर्षं दोन डोंगर ओलांडून परक्या दवाखान्यात जात होतो. तुझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. त्याआधी खाणीत कामाला असताना गोळ्या सोडल्या तेव्हा माझं काय झालं तेही तूच पाहिलंस. चमच्याने ज्वारीची आंबील भरवलीस मला. पुन्हा तसं व्हायची भीती वाटते.

गावात हेच औषध घेणाऱ्या पाचजणींचा गट आहे. पाळीपाळीने एकजण घाट उतरते आणि सगळ्यांच्या गोळ्या आणते. पण त्यात माझी सून मानेओ आहे! सून सासऱ्याचं नाव ओठांवर आणत नाही, मी तिच्या खोलीचा उंबरा ओलांडत नाही. तिच्यासमोर हे दुखणं कसं उघडं करू?

लोभ असावा, ओरडा नसावा.
तुझा,
लेबोना

मासेरू, ता. १४ जून

चि. लेबोनास,

अ. उ. आ. आशीर्वाद थोडे जास्तच पाठवतेय, तुला अकलेची कमतरता आहे म्हणून.

एवढीशी पोर आपलं दुखणं चारचौघांत सांगून मोकळी झाली, आणि तू पासष्टीचा बाप्या ब्लँकेटमध्ये तोंड लपवून बसलास! जीव राहिला तर ते मानाचं ब्लँकेट पांघरशील ना रे? गटाच्या म्होरकीला मी निरोप धाडलाय. सहावं नाव तुझं. मुकाट्याने तिच्याकडे दवाखान्याचं कार्ड दे. नाहीतर मी तुझ्याकडे राहायला येईन, माझ्या तिन्ही कोंबड्या घेऊन. या वेळी पाळी कुणाची ते मी विचारलेलं नाही.

तुझ्या काळजीने अर्धी झालेली (तरी दारातून आडवीच जाते),
अक्का

हा-सेखोने, ता. २३ जून

ती. अक्कास,

शि. सा. न. वि. वि. पाळी मानेओची होती. तुला ठाऊक नव्हतं, असं शपथेवर सांग!

नदी ओलांडताना तिच्याकडची सगळी कार्डं भिजली, नावं पुसली गेली. दवाखान्याच्या खिडकीत केनियाची नवी नर्स, तिला आपल्याकडची रीत ठाऊक नाही. तिने नावं विचारली. सूनबाईने पाच सांगितली आणि सहाव्याला गप्प. नर्स म्हणाली, नाव नाही तर गोळ्या नाहीत, पाच जणींच्या घेऊन जा. त्यावर ही म्हणाली की मग माझ्याही ठेवा, आणि खिडकीखाली फतकल मारून बसली. शेवटी रांगेला खुणा सांगू लागली. पंचायतीत झोपतो आणि जाग आली की मंजूर म्हणतो तो. घोड्याला गाणी ऐकवतो तो. अक्का, अख्खी रांग एका सुरात माझं नाव ओरडली! नर्सला हसू आवरेना, तिने सहाही जणांच्या गोळ्या दिल्या. हे सगळं म्होरकीने मला रंगवून सांगितलं.

दोन दिवस मी दाराबाहेर तोंड काढलं नाही. तिसऱ्या दिवशी तिघं पुरुष आले, ब्लँकेट नाकापर्यंत ओढून. वाटलं, थट्टा करायला आलेत. त्यांना गटात घ्याल का म्हणून विचारायचं होतं. एक तर मुखियाचा भाऊ निघाला, पण नाव लिहीत नाही.

काल संध्याकाळी गोळीच्या वेळेला मी काठी टेकत सुनेच्या खोलीपाशी गेलो. उंबरा ओलांडला नाही. ती आत भिंतीकडे तोंड करून बसली, मी बाहेर डोंगराकडे. एकमेकांकडे पाठ करून दोघांनी गोळी घेतली. तिने पाठमोरीच विचारलं, गिळली का म्हणून. मी हो म्हणालो. मग उगाचच डोंगर बघत बसलो, कारण डोळे पुसताना तिला दिसायला नको होतं. सात वर्षांत या घरात मला हे कुणी विचारलं नव्हतं गं.

लोभ आहे तेवढाच राहू दे, वाढवलास तर कोंबड्यांसकट येशील.
तुझा,
लेबोना