इथला डबा बोलत नाही

मस्कत, सोमवार, ता. १३ ऑक्टोबर २०२५, सकाळी सव्वासात, चहा उकळतोय.

उपासनाआक्का, सप्रेम जयभीम.

मी बरा आहे. काल दुकानात कार्ड टेकवलं आणि तुझ्या चहागाड्यावरचा डबा बोलतो तसं "पैसे मिळाले" ऐकू येईल म्हणून उभाच राहिलो. दुकानदार हसला, "भाई, हो गया! मशीन गाना नहीं गाएगी." इथं नुसती चिठ्ठी निघते.

निपाणीत कुणी नुसता फोन दाखवून जात नाही ना? आवाज आल्याशिवाय सोडू नको गं. आईचा खोकला कसा आहे?

पहिल्या पगारातले पैसे कालच तुझ्या खात्यात पाठवले. इथून पाठवलेल्या पैशांना डबा बोलणार नाही, म्हणून मीच बोलतो: "वीस हजार रुपये मिळाले. धन्यवाद."

तुझा धाकटा,
प्रशिक

कालचा खर्च: पाव, अर्धा रियाल. तिकिटाला तू दिलेले: चाळीस हजार. देणं राहिलं: वीस.