भूक नव्हे, धाप

ता. १४, रविवार दुपार

दादा,

समोर असतो तर पाया पडलो असतो, आज कागदावरच डोकं टेकवतो. इकडे सगळे बरे आहेत. लेकीचं बाळ रांगायला लागलंय आणि माझ्या चपलांची चव घेऊन बघतंय.

फोन सोडून पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि स्वतः बोललास की तुला धाप लागते. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? पत्र मधेच तोडता येत नाही, एवढा त्याचा फायदा.

काल मालकीणबाईंच्या मासळीच्या तळ्यावर वाईट झालं. तीन दिवस आभाळ भरलेलं होतं. ऊन नसलं की पाण्यातलं शेवाळ ऑक्सिजन बनवत नाही, उलट असलेला वापरतं. त्यात वीज गेली आणि पाणी घुसळणारं चाक थांबलं. मी वायरमनला गाठायला गेलो. परत येतो तर काय, सगळे मासे वर आलेले, तोंडं उघडी, आणि मालकीणबाई काठावरून घमेल्याने खाद्य टाकतायत.

"बिचारे उपाशी आहेत हो. तुम्ही वेळेवर घालत नाही वाटतं?"

"बाई, थांबा. ही भूक नाही, धाप आहे."

"मग आधी सांगायचं ना. उघडं तोंड दिसलं की मला घास भरवण्याशिवाय दुसरं काही सुचत नाही."

त्यांना काय बोलणार? माया करायला गेल्या होत्या. माशाचा कल्ला उचलून बघ, आत पिसासारखे लाल पदर असतात. तोंडाने घेतलेलं पाणी त्यांच्यावरून एका दिशेने जातं, आतलं रक्त उलट्या दिशेने. त्या ओझरत्या भेटीत ऑक्सिजन रक्तात येतो आणि वापरलेली हवा पाण्यात जाते. हवेच्या मानाने पाण्यात ऑक्सिजन फारच थोडा, म्हणून देवाने ही घडण एवढी नाजूक केली असावी. इतकी वर्षं बघतोय, तरी हात जोडावेसे वाटतात. पण पाण्यातच काही उरलं नाही तर ती घडण काय करणार? मग मासा वर येतो आणि हवेला लागून असलेला पाण्याचा पापुद्रा ओढत राहतो. तेव्हा टाकलेलं खाद्य तो खात नाही. ते कुजतं, आणि कुजता कुजता उरलासुरला ऑक्सिजनही संपवतं.

शेजारच्या मळ्यातून डिझेलचा पंप आणला आणि तळ्याचंच पाणी हवेत उंच उडवत राहिलो. दुपारपर्यंत मासे खाली गेले. सगळे नाही. मोठ्यांना ऑक्सिजन जास्त लागतो, म्हणून मोठे आधी मेले. पोटं वर करून काठाला लागलेले मासे गोळा करत होतो आणि वहिनीचा गेल्या आठवड्यातला फोन आठवला. "हे दिवसभर खिडकीशी तोंड उघडं टाकून बसतात, भाऊजी. अशक्तपणा आलाय. मी आपली दोन घास जास्तच भरवते."

मी म्हणालो होतो, "भरवा."

टोपली तशीच ठेवून मी खाली बसलो.

दादा, इतकं लिहिलं तरी मी अजून काठाकाठानेच चाललोय. तपासणीच्या दिवशी वहिनी तुझ्या शर्टाची बटणं लावत होती, तेव्हा डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. दगड घडवताना छातीत गेलेली धूळ निघणारी नाही. फुप्फुसाचा बराच भाग निकामी झालाय आणि त्याची भरपाई करता करता हृदय थकलंय. घरी ऑक्सिजनचं यंत्र लावलं तर अजून बराच काळ काढतील, म्हणाले. नाही लावलं तर थोडे महिने. मी आत आलो. तू विचारलंस, "काय म्हणतो?" मी म्हणालो, "विश्रांती घ्या म्हणतो."

"हे तर तुझी वहिनीही सांगते," असं म्हणून तू हसलास, आणि हसतानाच तुझे ओठ निळे पडले. ते मी पाहिलं, आणि तरी तुला खरं सांगितलं नाही.

फोनवर मी डॉक्टरांचं नाव न घेता यंत्राचा विषय काढला की तू म्हणतोस, देवाने श्वास मोजून दिलेत, उसने नकोत. मीही रोज त्याच देवापुढे बसतो. पण काल पंप चालवताना मला एकदाही वाटलं नाही की मी त्याच्या मर्जीविरुद्ध वागतोय.

हे पत्र घेऊन आलेल्या माझ्या जावयाच्या गाडीत ते यंत्र आहे. ऑक्सिजन किती ठेवायचा, नळी कशी लावायची, सगळं तो डॉक्टरांकडून शिकून आलाय. पोरगा भिडस्त आहे. तू डोळे वटारलेस तर यंत्रासकट परत येईल. वटारू नकोस. शिव्या मला घाल, मी संध्याकाळी येतोच आहे. नळी लावून घेतलीस तर जास्त वेळ घालता येतील.

तुझ्या पाठीवर जन्मलेला, आणि तुझ्या मागे राहायची तयारी नसलेला,

धाकटा