टाका धरत नाही

सोमवार, ३
आज रुजू झाले. खोली लहान, पण उजेड भरपूर. वॉर्डच्या सिस्टरने आल्याआल्या सुनावलं की आधीचे दोघे डॉक्टर महिनाभरही टिकले नाहीत, तेव्हा बॅग पूर्ण उघडू नका. मी हसले आणि सगळे कपडे कपाटात लावून टाकले. फुप्फुसाची ऑपरेशनं करणारे सर इथे एकटेच. त्यांच्या हाताखाली शिकायचं, आणखी काय हवं?

गुरुवार, ६
वॉर्डात सगळे विषाणूच्या न्यूमोनियाचे. काहींचं फुप्फुस फाटतं, हवा छातीत साठते आणि फुप्फुस मिटून जातं. मग बरगड्यांमधून नळी घालायची, दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत. बुडबुडे थांबले की भोक बुजलं. चार नंबरच्या शिंपीकाकांचे नऊ दिवस झाले, थांबत नाहीत. ते म्हणतात, डॉक्टरीणबाई, घाला की दोन टाके, मी जन्मभर काय वेगळं केलं?

मंगळवार, ११
काकांचं ऑपरेशन. फुप्फुस ओल्या कागदासारखं. एक टाका घातला की शेजारी नवं भोक. सर तीन तास झगडले. दुपारी काका गेले. काकूंनी मला एवढंच विचारलं, टाका नीट बसला होता ना? मी हो म्हणाले.

शुक्रवार, १४
अंग मोडून आलंय. कोरडा खोकला. दादाला फोनवर सर्दी म्हणून सांगितलं. सिस्टर आज माझ्याकडे बघत नव्हती.

रविवार, २३
सहा नंबरच्या खाटेवर आता मीच. ऑक्सिजन लावलाय. चार ओळी लिहायच्या तर दोनदा थांबावं लागतं.

बुधवार, २६
सकाळी खोकताना आत काहीतरी फाटलं. मला कळलं, सरांना कळायच्या आधी. मग त्यांनी नळी घातली.

शुक्रवार, ५
बुडबुडे. थांबत नाहीत. सिस्टर बाटलीवर टॉवेल टाकून जाते.
सोमवारी ऑपरेशन. सरांना विचारलं, फुप्फुस कसं दिसतंय. त्यांनी बाटलीवरचा टॉवेल नीट केला.

सोमवार, ८
सर सही घ्यायला आले. जाताना दाराशी थांबले. माझ्याकडे पाठ फिरवून खोकले. कोरडा. तोच. भिंतीला हात टेकला —
कुणी पाहिलं नाही. मीच फक्त.
सांगायला हवं. आज माझ्यानंतर आणखी दोघं — त्यांच्या उघड्या छातीवर ते वाकणार —
पण इथे दुसरं कोण आहे? सांगितलं तर मला कोण —
स्ट्रेचर आलं. सर विचारतायत, काही सांगायचंय का.
मी