पाट्याखाली ठेवलेला पंख

बाबा, जेवणं झाले, सून आतमंदी पडली हाये, आन् मी वट्ट्यावरच्या सावलीत तुमाले कागद लिहाले बसली. अकोल्याचं ऊन तुमाले नव्यानं काय सांगू. त्यात आता गुडघे असे झाले का उठताना भिंतीले इचारा लागते, धरू का म्हणून. अक्षर वाकडंतिकडं येऊन राह्यलं, तेवढं समजून घ्या. चौथीतल्या पोरीचंच अक्षर हाये हे, फक्त हात म्हातारा झाला. वाणसामानाची यादी सोडली तर पानभर कधी लिहिलं नाई मी. सून म्हणते, आई, तुमी आराम करा. आता आराम करूनच थकली मी, हे तिले कसं सांगू. पण आठ दिवसांपासून एक गोष्ट पोटात घेऊन फिरून राह्यली, ते लेकाले सांगून काही होत नाई आन् सुनेले सांगून तर नाईच. ते तुमचीच हाये. म्हणून तुमाले.

माही नात, म्हणजे तुमच्या नातवाची पोरगी, अमरावतीले इंजिनेरिंगच्या कॉलेजात हाये. इंजिनेर झाल्यावर आणखी शिकतात ते शिक्षण. मले इचारलं का मी सांगते, विमानाचे पंख करते. साऱ्या गल्लीत सांगून झालं माहं. शेजारीण म्हणे, "मंग विमान कवा उडवते तुमची नात?" म्हटलं, "बाई, तू पापड करतं ते सारे तूच खातं का? करणारं येगळं, उडवणारं येगळं." तुमी राह्यले असते तर तुमीबी बाजारात सुपं-टोपल्या मांडून हेच केलं असतं, गिऱ्हाईक सोडून नातीच्याच गोष्टी.

ते काय करते ते मी दहा वेळा इचारलं, तवा कुठं डोक्यात शिरलं. आता जे विमानं हायेत त्याईच्या पंखाले मांगून फळ्या असतात, दाराच्या फळीसारख्या. बिजागरीवर खालीवर होतात. तिथं फटी राह्यतात, हवा अडते, तेल जास्त जळते. हिचं म्हणणं, फळीच नको, पंखानंच वाकाव. म्हटलं, "आपोआप कसा वाकते तो?" तर म्हणे, "आजी, कबुतराच्या पंखाले बिजागरी असते का?" म्हटलं, "नाई बा." म्हणे, "मंग?" अशी बोलते. रूप माह्या सुनेचं घेतलं, पण जीभ माही घेतली.

त्याच्यासाठी ते एक पत्रा करते. लोखंडाचा नाई, काळ्या धाग्याचा. केसाहून बारीक धागे, सारे एकाच दिशेनं घातलेले. त्याचे दोन थर, एक उभा, एक आडवा, मधात राळ. मंग भट्टीत शिजवतात. गरम असते तवर सपाट असते. थंडा झाला का एक थर इकडं ओढते, दुसरा तिकडं, आन् दोघाईच्या ओढाताणीत पत्रा वळते, घरावरच्या कवलासारखा. मधात अंगठा दाबला का टप् वाजते आन् तो उलटा वळते, आन् तसाच राह्यते. पुन्हा दाबला का पुन्हा पह्यलेसारखा. मी दिवसभर टप् टप् करत बसली असती, पण तिनं हातातून घेतला. म्हटलं, हे तर एका घरातल्या दोन जावांसारखं झालं, एकीचं तोंड उभं, एकीचं आडवं, आन् त्याच्यावरच घर उभं. सून तिथंच होती, पण हसली. चांगली हाये ते.

होळीनंतर नात एक पत्रा घेऊन अकोल्याले आली. म्हणे इथल्या उन्हाळ्यात ठेवून पाहाचा हाये, दर रविवारी येऊन मोजीन किती वळते ते. गच्चीवरच्या खोलीत टेबलावर कपडा टाकून ठेवला. मले म्हणे, "आजी, याले काहीच करू नको. फक्त राहू दे." मी म्हटलं बरं. बाबा, माह्या हाताले जन्मात कोणी असं सांगतलं नोतं का काहीच करू नको. सकाळी जिना चढून पाहाची, तर चांगला वळलेला असे. दुपारी ऊन तापलं का सुस्तावे, जरा सपाट होये. मले वाटे, हे तर माह्यासारखंच झालं. पण मंग एक दिवस अवकाळी ढग आले, रातभर गार वारं सुटलं, आन् सकाळी पाह्यलं तर पत्रा रोजच्याहून जास्त वळलेला. वाटलं, पोट्टीनं इश्वासानं ठेवला आन् आपल्या घरात वाकला.

आता तुमीच सांगा, तुमच्या हाताखाली वाढलेल्या पोरीनं काय केलं असतं. बांबूची कामटी वाकली का ओलं गोणपाट गुंडाळून दगडाखाली. हेच शिकली मी तुमच्यापाशी, सहाव्या वर्सापासून. वाकडी कामटी सुपात घातली का सूप लंगडते, आन् लंगड्या सुपात दाणे पुढं अन् फोल मांगं राह्यते, असं तुमी म्हणत. बांबूची पाठ येगळी सुकते, पोट येगळं सुकते, म्हणून ते वाकते, आन् आपलं काम त्याले वाकू न देणं. मी खाली गेली, गोणपाट भिजवलं, पत्र्यावर घातलं, आन् चटणीचा पाटा पदराआड उचलून जिना चढली. या वयात. तीनदा बसली मधात. पाटा ठेवला तवा टप् वाजलं नाई, कट् वाजलं. उचलून पाह्यलं तर धाग्याच्या बाजूनं सरळ चीर, रेघ मारल्यासारखी. गोणपाट काढलं, पत्रा पुसला, जसा होता तसा कपड्यावर ठेवला आन् पाटा खाली आणून त्याच्यावर मिरच्या वाटत बसली.

रविवारी ते आली. वर गेली, बराच वेळ खाली नाई आली. आली तवा तोंड उतरलेलं. म्हणे, "आजी, चीर गेली. माहंच चुकलं. राळ कमी पडली वाट्टे." मी पोळ्या करून राह्यली होती. म्हटलं, "होते कधी कधी." एवढंच. आन् तिच्या ताटात दोन पोळ्या जास्त वाढल्या.

त्या पोळ्या वाढताना तुमी आठवले मले. ते लग्नाचे सुपं. मोठ्या घरचं काम होतं, हळदीले पाच नवे सुपं पाह्यजे होते, आन् तुमाले बांबू वेळेवर भेटला नाई. जो भेटला तो हिरवा होता, ओल जिरली नोती त्याची. मी पाह्यलं तुमाले तो फोडताना. मी कामट्या इनल्या, तुमी काठ बांधले, आन् लग्नाच्या आदल्या दिवशी पाचही सुपं मुरडले, कानं पिळल्यासारखे. त्या घरची बाई आपल्या दारात उभी राहून बोलली, चार माणसं जमा झाले. तुमी म्हटलं, "पोट्टीनं इनले हो. शाळेत ध्यान असते, कामात नाई." आन् सगळ्याईसमोर माह्या हातावर कामटी मारली. बोलणं खरं दिसाव म्हणून दुसऱ्या दिवशी शाळा बंद केली. माय म्हणे, चार दिवसांचा राग हाये, जाईन. चार दिवस गेले, वर्सं गेले. महिन्याभरानं तुमी मले चपला आणल्या, माह्या पह्यल्या. पायाले मोठ्या होत्या. सुपाईचं नाव तुमीबी काढलं नाई, मीबी नाई.

मंग इकडं काय झालं ते ऐका. तीन आठवडे होत आले आन् नातीचा फोन आला, म्हणे, "आजी, सर म्हणतात चीर गेली म्हणजे पत्रा कमजोर हाये, थर वाढव. सोमवारी सगळं ठरवाचं हाये." म्हटलं, वाढव मंग. तर म्हणे, "वाढवला का जाड होते, मंग तो टप् करतच नाई. वर्सभराचं काम सोडून दुसरंच काही कराव लागन मले." आवाज असा थकलेला होता बाबा, का मले वाटलं माह्याच गुडघ्यातून येऊन राह्यला. फोन ठेवला आन् सुनेले म्हटलं, उद्या अमरावतीले जाते. ते म्हणे, "या उन्हात? कावून?" म्हटलं, देवीले. खोटं बोलली. अंबादेवीनं माफ केलं असंल, तिच्याच गावात खरं बोलाले चालली होती.

एसटीत खिडकीपाशी बसली. मूर्तिजापूरले चहा घेतला, सांडला अर्धा. सगळ्या रस्त्यानं बोलणं जुळवत गेली आन् बडनेरा येतवर सगळं इसरली. ऑटोवाल्यानं कॉलेजच्या फाटकाशी सोडलं. नात धावत आली, "आजी, तू? घरी काय झालं?" म्हटलं, "घरी काही नाई झालं. मले पाणी दे आन् बस." झाडाखाली बाकडं होतं, तिथं बसलो दोघी. मी सांगतलं. वाकडा दिसला, गोणपाट भिजवलं, पाटा ठेवला, मोडला. राळ कमी नोती. तुहं काही चुकलं नोतं. सगळं दोन घोटात सांगून टाकलं, पाणी सरायच्या आत.

ते रागावली होती, नाकाचा शेंडा लाल झाला होता, लहानपणी होये तसा. मंग म्हणे, "तीन आठवडे, आजी. तीन आठवडे मी सोताले मूर्ख समजून राह्यली." म्हटलं, "हो." वाटलं आता उठते आन् जाते. मी पिशवी जवळ घेतली, आपणच आधी उठाव म्हणून. पण पोट्टी उठली नाई. बसली तशीच, मातीत चपलीनं रेघा मारत. मंग म्हणे, "पाटा किती जड असंल?" म्हटलं, "तुह्या बापाले एका हातानं उचलत नाई." म्हणे, "तसं नाई, किलो." आन् पिशवीतून वही काढली. गोणपाट किती ओलं, पाटा एकदम ठेवला का हळू, कट् किती वेळानं वाजलं, चीर कोणत्या अंगाले गेली. मी सांगत गेली आन् ते लिहित गेली. बाबा, माह्या तोंडचं कोणी वहीत लिहून घेतलं असं पह्यल्यांदा झालं. गुन्हाच होता तो, पण चांगलं वाटलं. शेवटी म्हणे, "सराईले सांगते, वजनानं मोडला. थर नाई वाढवत." मंग म्हणे, "सांगतलंस ना. झालं." आन् मले कँटीनमंदी नेऊन वडा खाऊ घातला. वडा काही खास नोता.

नवा पत्रा झाला तिचा, वळते म्हणे चांगला. पण इथं अकोल्याले आणला नाई, तिथंच ठेवला. बरोबरच केलं.

हा कागद कुठं टाकाचा ते मले माईत नाई, आन् टाकाचाबी नाई. तुमाले एकच सांगाचं होतं, ते सोडून बाकी सगळं सांगून झालं. तुमी सरकारी दवाखान्यात होते, शेवटच्या दिवसांत, मी चहा घेऊन आली होती. तुमी माहा हात धरून म्हटलं, "पोरी, त्या सुपाईचं..." आन् मी म्हटलं, "चहा थंडा होऊन राह्यला, पेऊन घ्या," आन् कप धुवाले म्हणून भाहेर गेली. कप अजून भरलेलाच होता. तुमी काय सांगून राह्यले होते ते मले समजलं होतं, बाबा. म्हणूनच उठली मी.