रोजची वजाबाकी

३ मार्च, सोमवार
आज रुजू झालो. वेधशाळेचं हे कार्यालय म्हणजे तीन खोल्या आणि इन मीन तीन माणसं. दुर्बीण लांब डोंगरावर. तिचे आकडे इथे दिवसाउजेडी चाळायचे. काम माझ्या आवडीचं. कृष्णविवर दिसत नाही, पण जवळच्या ताऱ्याला ओढतं. तो तारा कधी आपल्याकडे येतो, कधी लांब जातो, आणि त्याच्या प्रकाशातल्या रेषा तेवढ्या सरकतात. ओढणारं काही दिसलं नाही, की संशय घ्यायचा. आजवर सापडलेलं सर्वांत जवळचं सुमारे दीड हजार प्रकाशवर्षांवर आहे. त्याहून जवळचं मी शोधणार. बायको तिकडची नोकरी सोडून, लेकीला घेऊन रविवारी सोळा तारखेला येतेय. इथल्या घरात ऊन भरपूर आहे.

५ मार्च, बुधवार
सहकारी म्हणजे एकेक नमुना. साहेब दिवसभर पेन्सिलींना टोक काढतात. दफ्तर सांभाळणारे आजोबा उघड्या डोळ्यांनी झोपतात. मोजणीबाईंना इथे वीस वर्षं झाली, पण आकाश वर असतं हे त्यांना अजून कुणीतरी सांगायचंय.

या बाई रोज सकाळी एका जाड वहीत एक आकडा लिहितात. तो आकाशाच्या एका बाजूच्या ताऱ्यांच्या वेगातून वजा करतात, उलट बाजूच्या ताऱ्यांत मिळवतात. पृथ्वीच्या फिरण्याचा हिशोब आधीच झालेला असतो, मग हे कशासाठी? म्हणाल्या, उपकरणाची खोड आहे, पहिल्यापासून असंच करतात. उपकरणाला आकाशाची बाजू कशी कळते, हे विचारायचं वीस वर्षांत कुणाला सुचलं नाही. धन्य आहेत.

१० मार्च, सोमवार
त्यांच्या नकळत, तो आकडा न लावता तीनशे तारे तपासले. एका बाजूचे सगळेच्या सगळे जवळ येताहेत. उलट बाजूचे तेवढेच लांब जाताहेत. या ठोंब्यांनी काहीतरी मोठा घोळ घालून ठेवलाय.

११ मार्च, मंगळवार
वही चाळली. पहिल्या पानावर आकडा एक. दहा वर्षांपूर्वी चार. या जानेवारीत साठ. आज एकशे अठरा.

१२ मार्च, बुधवार
घोळ नाही. चालत्या गाडीतून झाडं पळताना दिसतात, तसं आहे हे. तारे जागेवरच आहेत. सूर्यासकट आपल्यालाच काहीतरी ओढतंय. त्या दिशेला पाहिलं. तिथे काहीच नाही.
सर्वांत जवळचं हवं होतं ना मला.

१३ मार्च, गुरुवार
साहेबांच्या टेबलावर कागद आपटले. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि ते शांतपणे म्हणाले, "आम्हाला ठाऊक आहे. म्हणून तर वजा करतो."
मी बाकीच्या वेधशाळांचं नाव काढलं. तर म्हणाले, "त्यांच्याकडेही वह्या आहेत. आणि सांगून ते थांबणार आहे का?"
भेकड. सगळे भेकड. बाईंनी माझ्यापुढे चहा ठेवला.

१४ मार्च, शुक्रवार
हिचा फोन. राजीनामा दिलाय, लेकीच्या शाळेचा दाखला काढलाय. तिकडे सगळं ठीक ना, असं विचारत होती.
ठीक आहे, म्हणालो. मी — ज्यानं त्यांना भेकड म्हटलं —
आकडा दोनशे सहा.

१६ मार्च, रविवार
आल्या दोघी. लेक खिडकीतल्या उन्हात लोळतेय. सांगायला तोंड उघडलं, आणि जेवायला काय करायचं ते विचारलं. थू माझ्यावर.

१७ मार्च, सोमवार
मोजणीबाई आल्या नाहीत. साहेबांनी वही माझ्यापुढे सरकवली. लिहिला आकडा. रकान्यात मावत नाही — सगळे तारे दुरुस्त केले — सगळे जागेवर —
लेकीला कार्यालय दाखवायला आणलंय. शेजारी बसून विचारतेय, हा आकडा मोठा आहे की लहान. लहान, म्हणालो. ती वहीवर वाकली. बोट वरच्या ओळीवर नेलं. म्हणतेय, पण बाबा, कालच्यापेक्षा तर —